शेवटचं ‘नाही’

सातारा

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझे सातही मेसेज वाचले. मधले दोन पुसून टाकलेस, ते बाबांबद्दलचे असणार, असो. मोबाइलवर एवढं मोठं लिहायला माझी बोटं ऐकत नाहीत, म्हणून वहीचे कागद फाडून लिहायला बसलोय. फोटो काढून पाठवायचं काम नातवाकडे. अक्षर लागलं नाही तर सांग. तू होऊ घातलेली डॉक्टर, तुला वाईट अक्षराचं काय नवल!

एकांकिका स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं याचा आनंद आहेच. परीक्षकांनी नाव घेऊन कौतुक केलं, मुंबईच्या कुणा कास्टिंगवाल्यानं नंबर घेतला, आणि आता इंटर्नशिपचे पाच महिने बाकी असताना सगळं टाकून अंधेरीला मैत्रिणीच्या खोलीवर राहायला जायचं तू ठरवलंयस. ठरवलंच आहेस तर मला का विचारतेस, असं आधी मनात आलं. मग शेवटच्या मेसेजातलं ते वाक्य पुन्हा वाचलं. ‘लागूंनीसुद्धा डॉक्टरकी सोडलीच ना, काका?’

हे वाक्य गेल्या चाळीस वर्षांत मी दहा-पंधरा जणांच्या तोंडून ऐकलंय. त्यातले दोघं इंजिनिअर होते, एक गुरांचा डॉक्टर होता, एक तर नुसताच बी.एड.ला होता. डॉ. श्रीराम लागूंचं नाव काढलं की घरची माणसं दोन मिनिटं गप्प बसतात, हा सगळ्यांचा अनुभव. म्हणून त्यांचं ते सोडणं नेमकं कसं होतं ते आधी बघू. तू स्वतःच साक्षीदार उभा केलायस, तर त्याची उलटतपासणी करायला नको का?

लागूंचा जन्म 1927 चा, आमच्या साताऱ्यातला. आम्ही सातारकर त्यावर मिरवून घेतो, पण खरं सांगायचं तर शिक्षण आणि नाटक दोन्ही पुण्याचं. भावे स्कूल, फर्ग्युसन, मग बी. जे. मेडिकल. कॉलेजात नाटकाचा नाद लागला तो लागलाच. पुढे कान-नाक-घशाचे सर्जन झाले. भालबा केळकरांची प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन, सगळे तिला पीडीए म्हणतात, तिथे कामं करायची ती पेशंट आटपून. वसंत कानेटकरांचं पहिलं नाटक ‘वेड्याचं घर उन्हात’ पीडीएनं केलं, त्यात दादासाहेबांची भूमिका लागूंनी उभी केली. मध्ये पुढच्या शिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंड. मग आफ्रिकेत, टांझानियातल्या टबोरा गावी डॉक्टरकी. भारतात असले की पुण्यात पीडीए आणि मुंबईत ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था. अशी वर्षं गेली. 1969 साली पूर्णवेळ नट व्हायचं ठरवून ते व्यावसायिक रंगभूमीवर आले, कानेटकरांच्याच ‘इथे ओशाळला मृत्यू’मधून. तेव्हा वय 42.

तुझं वय 23. म्हणजे तू दाखला देतेयस तो माणूस तुझ्या वयाचा होता तेव्हा दिवसा वॉर्डात राउंड मारत होता आणि संध्याकाळी तालमीला जात होता. डॉक्टरकी सोडली हे आपल्याला ठाऊक असतं, कारण ती गोष्ट सांगायला सोपी आहे. त्याआधीच्या वीसेक वर्षांतल्या तालमी कुणी सांगत नाही. पुण्यातल्या कुठल्या तरी कमी उजेडाच्या खोलीत, चहाचे कप बाजूला सारून, तोच प्रवेश दहाव्यांदा करणं. त्याची काय गोष्ट सांगणार? प्रेक्षक ओळखीचे, पैसा नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी परत ओपीडी. दवाखान्याची पाटी उतरली तेव्हा नट आधीच तयार होता.

आता माझ्या बोलण्याचा भलता अर्थ काढू नकोस. 42 पर्यंत थांब, असं मी मुळीच सांगत नाही. एक तर काळ वेगळा. दुसरं, पुरुषाला चाळिशीनंतर बाप, राजे, प्रोफेसर अशा भूमिका रांगेनं मिळतात. बाईला त्या वयात पहिली मोठी भूमिका देणारा निर्माता आजही शोधावा लागतो. हा हिशेब तुझ्या बाजूनं मांडायलाच हवा, आणि बाबांशी बोलताना तू तो मांडलास तर माझी हरकत नाही. मी स्वतः बँकेत 31 वर्षं काढली. दोनदा प्रमोशन नाकारलं, कारण बदली झाली असती आणि नाटकाचा ग्रुप मोडला असता. त्याचा अभिमान वाटतो का? काही दिवस वाटतो. काही दिवस पेन्शनचा आकडा बघून वाटत नाही. तेव्हा नोकरी धरून बसलेला म्हातारा उपदेश करतोय असं म्हणायचा तुला पूर्ण अधिकार आहे.

पण मला बोलायचंय ते नोकरीवर नाही. तुझ्या एकांकिकेवर बोलायचंय. बक्षीस मिळालेल्या माणसाला कुणी खरं सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

मी अठराव्या रांगेत बसलो होतो, मुद्दाम. पुढच्या रांगांत परीक्षक आणि तुझे मित्र होते, त्यांना तुझे डोळे दिसत होते. आम्हाला तुझा आवाज हवा होता. तो आला, पण अर्धा आला. शेवटच्या प्रवेशात आईच्या फोटोशी बोलतेस ना, तिथली एकूण एक वाक्यं माझ्यापर्यंत पोचेस्तोवर विझलेली होती. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, ‘ती काय म्हणाली, जाणार की नाही जाणार?’ मी म्हटलं, नाही जाणार. मला संहिता ठाऊक होती म्हणून.

याला आम्ही वाक्याचं शेपूट गिळणं म्हणतो. दुसऱ्या भाषेत हा दोष कदाचित खपून जाईल. मराठीत अजिबात खपत नाही, कारण मराठी वाक्याचा जीवच शेपटात असतो. कर्ता, कर्म, कुणाबरोबर, कुठे, कधी, सगळं सांगून झालं की मग क्रियापद, आणि नकार असेल तर तो त्याच्याही मागे. ‘मी तुझ्याबरोबर त्या घरात परत येणार’ इथवर प्रेक्षकाला काहीच कळलेलं नसतं. ‘आहे’ की ‘नाही’ ते सर्वांत शेवटी. आणि नेमका तिथेच श्वास संपलेला असतो, डोळ्यांत पाणी आणायची घाई झालेली असते, पुढच्या हालचालीचं टेन्शन असतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. राज्य नाट्य स्पर्धेत आमचं नाटक होतं. मी बापाच्या भूमिकेत, वय तिशीच्या आत, केसांना पांढरी पावडर. मुलगा शहरात न्यायला आलेला. माझं शेवटचं वाक्य होतं, ‘मी तुझ्याबरोबर येणार नाही.’ तीन पानांचा संताप ओतून झाल्यावर त्या ‘नाही’साठी माझ्याकडे हवाच शिल्लक नव्हती. ओठ हलले एवढंच. मागच्या निम्म्या थिएटरला वाटलं, म्हातारा निघाला. मी मात्र पाय रोवून तिथेच उभा. मुलगा एकटाच बॅग उचलून विंगेत गेला. मागून कुणीतरी ओरडलं, ‘अहो आजोबा, गाडी सुटली!’ आणि सगळं थिएटर हसलं. शोकांतिका होती ती. पडदा पडल्यावर मी मेकअपरूममध्ये पावडर पुसत बसलो होतो, आणि आमचा प्रॉम्प्टर काही न बोलता चहा ठेवून गेला, एवढं आठवतं.

त्यावर मी काय उपाय केला असेल? ओरडायला लागलो. पुढचे आठ प्रयोग घसा फाडून केले, नवव्याला आवाजच निघेना. गावातल्या घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. आता तुमच्याकडे कॅमेऱ्याची नळी असते, पडद्यावर सगळं दिसतं. तेव्हा डॉक्टर कपाळावर गोल आरसा बांधायचे. लांब दांडीचा दुसरा चिमुकला आरसा स्पिरिटच्या दिव्यावर जरासा तापवायचा, म्हणजे तोंडातल्या वाफेनं धुरकट होत नाही. तो स्वतःच्या मनगटावर टेकवून बघायचा, फार गरम तर नाही ना. मग गॉजच्या तुकड्यात पेशंटची जीभ धरून बाहेर ओढायची आणि आरसा घशात. ‘ई म्हणा. लांब ई.’ मला उमासे येत होते. डॉक्टर शांत. बघून झाल्यावर म्हणाले, दोन्ही स्वरपट्ट्यांवर गाठी आल्यात, समोरासमोर. रोज घण घातल्यावर हाताला घट्टे पडतात, तसं. काय करता तुम्ही? मी म्हटलं, बँकेत आहे. ते म्हणाले, बँकेत एवढं कोण ओरडतं?

सहा आठवडे बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, कारण त्यानंही त्या पट्ट्या ताणल्याच जातात. काउंटरवर पाटी घेऊन बसलो.

त्या सहा आठवड्यांत मला लागू आठवत राहिले. कारण सांगतो. ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला 23 डिसेंबर 1970 ला, मुंबईत बिर्ला मातुश्री सभागृहात. नाटक वि. वा. शिरवाडकरांचं, संस्था गोवा हिंदू असोसिएशन, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, म्हातारा नट गणपतराव बेलवलकर झाले लागू आणि त्याची बायको कावेरी झाल्या शांता जोग. मी ते पाहिलं दोनेक वर्षांनी, शाळेत असताना. पत्र्याचं छत, घडीच्या लाकडी खुर्च्या, आणि सगळ्यांत मागे भिंतीला टेकून आम्ही स्वस्त तिकिटातली पोरं. आज विचारलं तर लोक ती मोठी स्वगतं सांगतात. घर मागणारा तो म्हातारा, जगावं की मरावं, तुफान. टाळ्या त्यांनाच पडायच्या. माझ्या कानात राहिलं ते दुसरंच. बेलवलकर बायकोला ‘सरकार’ म्हणतो. कधी लाडानं, कधी अपराधी होऊन, कधी नुसतंच ती खोलीत आहे ना हे बघायला. तो शब्द हळू यायचा, पण भिंतीपर्यंत यायचा. मी त्या भिंतीला टेकलो होतो म्हणून सांगतोय. पंचेचाळिशीच्या आसपासचा माणूस म्हाताऱ्याचा थकलेला आवाज काढत होता, आणि थकलेला आवाज शेवटच्या रांगेत ऐकू जाण्यासाठी ताज्या आवाजापेक्षा जास्त हवा लागते, हे मला गाठी आल्यावर कळलं.

तिथे त्यांची डॉक्टरकी कामाला आली असेल का? माझं मत आहे, आलीच असणार. स्वरयंत्र म्हणजे काय हे त्यांनी शेकड्यांनी घशांत आरसा घालून पाहिलेलं. पुढे त्यांनी ‘वाचिक अभिनय’ या नावाचं पुस्तकच लिहिलं, ते मिळव. म्हणून म्हणतो, डॉक्टरकी सोडली हे म्हणणंही तितकंसं खरं नाही. दवाखाना सोडला. घसा कुठे सोडला?

अर्थात या भूमिकेनं त्यांच्याकडून किंमतही घेतली. एवढी मोठी, एवढी तुटणारी भूमिका, दौरे, रात्रीचे प्रवास. प्रकृतीपायी पुढे ती थांबवावी लागली, आणि सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा इतर नटांनी बेलवलकर आपापल्या तऱ्हेनं केला. घसा सांभाळणारा माणूससुद्धा बाकीचं शरीर वाचवू शकला नाही. तुला हे घाबरवायला सांगत नाही. ‘नाटक मला झपाटून टाकतं काका’ असं तू लिहिलंयस ना, त्या झपाटण्याला एक बिल असतं, ते कधीतरी येतं.

मी तुला एक काम सांगतो. ईएनटीची पोस्टिंग झाली नसेल तर मागून घे, झाली असेल तर परत दोन दिवस जाऊन बस. कॅमेऱ्यात स्वरपट्ट्या बघ. बाईमाणूस साधं बोलतं तेव्हा त्या सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकींवर येऊन टेकतात. अर्धा तास सलग बोललीस तर साडेतीन लाखांच्या वर गेलं. नखाएवढी चीज आहे ती. किंचाळून रडण्याचा तुझा जो हमखास टाळीचा प्रसंग आहे, तो या पट्ट्यांवर काय करतो ते एकदा डोळ्यांनी बघितलंस की मला काही सांगावं लागणार नाही. अंधेरीत हे फुकट कुणी दाखवणार नाही. तुझ्या हॉस्पिटलात दाखवतात, वर स्टायपेंडही देतात.

आणि रोजचा अभ्यास. कुठलाही अग्रलेख घे, लांब वाक्यांचा. वाक्य शेवटून वाचायला लाग. आधी नुसतं ‘नाही’. मग ‘येणार नाही’. मग ‘परत येणार नाही’. मग ‘त्या घरात परत येणार नाही’. असं मागून पुढे वाढवत न्यायचं, म्हणजे शेपटासाठी हवा राखून ठेवायची सवय लागते. पाठीवर झोपून, पोटावर जाड पुस्तक ठेवून कर. पुस्तक वर-खाली झालं पाहिजे, खांदे नाही. तुमचं अॅनाटॉमीचं पुस्तक त्या वजनाचं आहे, निदान आता तरी उपयोगी पडेल. घसा खाकरायची सवय आहे तुला, ती बंद. त्याऐवजी घोटभर पाणी.

यात कलेचं काय आहे, असं तुला वाटेल. लागूंच्या आत्मचरित्राचं नाव ‘लमाण’. इकडचा माल तिकडे नेणारा तो लमाण. नाटककाराचा माल प्रेक्षकापर्यंत पोचवायचा, हमाली करायची. एवढ्या मोठ्या नटानं स्वतःसाठी हा शब्द घेतला. पहिल्यांदा मला तो विनय वाटला होता, थोडासा खोटाही. नंतर वाटायला लागलं की विनयबिनय काही नाही, हे कामाचं वर्णन आहे. पाठीवरचा माल वाटेत सांडला तर लमाणाला मजुरी कशाची? तू परवा आईच्या फोटोसमोर सुंदर रडलीस, पण लेखकाचं ‘नाही’ सांडलंस.

माल पोचवायचा म्हणजे किती, त्याचा एक किस्सा सांगतो. विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ 1970 साली रंगमंचावर आलं, दिग्दर्शन लागूंचं. सेन्सॉरनं बऱ्याच गोष्टींना कात्री लावली, त्यातच बाईच्या साडीवर दिसणाऱ्या रक्ताच्या डागालाही हरकत घेतली. तर यांनी डाग निळा केला, आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगायचं की तो लाल समजावा. आता सांग, लाल डाग जास्त भिववेल की हा निळा? मला तर हा सबंध मराठी रंगभूमीवरचा सर्वांत उत्तम विनोद वाटतो. पण त्यामागे हट्ट आहे. नाटककारानं डाग लिहिलाय ना, मग तो प्रेक्षकापर्यंत गेला पाहिजे. रंग पोचू देत नसाल तर शब्दानं पोचवू.

सिनेमाचं तू विचारलंयस, कारण कास्टिंगवाल्याला सिरीयल आणि वेबसिरीजच करायच्या असणार. तिथेही लागूंकडे बघ. ‘पिंजरा’ आला 1972 साली, व्ही. शांताराम यांचा. त्यातला मास्तर अजून थोडा स्टेजवरचा आहे, भव्य, कोरलेला. तीनच वर्षांनी, 1975 साली, जब्बार पटेलांचा ‘सामना’. लेखन तेंडुलकरांचं. समोर निळू फुले, हिंदुराव धोंडे पाटलाच्या भूमिकेत. लागू परत मास्तरच, पण केवढा निराळा! दारुडा, गबाळा, कुठून तरी उपटलेला. मारुती कांबळेचं काय झालं, एवढं एकच तो विचारत राहतो, आणि विचारताना आवाज चढवत नाही. निळूभाऊंच्या त्या घोगऱ्या, आरामात बसलेल्या आवाजाशेजारी याचा साधा, जरासा खरवडलेला आवाज. दोघंही दुसऱ्याचं वाक्य पुरतं संपू देतात. ते दोन सिनेमे लागोपाठ बघ, एकाच रात्री, आणि आवाज किती खाली आणलाय ते मोज. शब्द मात्र एकही हरवलेला नाही. माइक जवळ आला म्हणून शेपूट गिळायची सवलत मिळते असं नाही. हल्ली वेबसिरीजमध्ये सगळे जण तोंडातल्या तोंडात पुटपुटतात आणि त्याला नैसर्गिक अभिनय म्हणतात. मी सबटायटल लावून मराठी बघतो, ही वेळ आलीय.

हिंदीत त्यांनी शंभरावर सिनेमे केले. ‘घरौंदा’तला तो वयस्कर श्रीमंत मोदी अप्रतिम, त्याला फिल्मफेअर मिळालं. अॅटनबरोच्या ‘गांधी’त गोपाळ कृष्ण गोखले. बाकी कित्येक सिनेमांत जज, कमिशनर आणि नायिकेचे वडील. त्यातल्या फारशा भूमिका मला आठवत नाहीत, आणि आठवाव्यात अशी अपेक्षाही कुणाची नसावी. घर चालतं त्यावर. चाललेल्या घराच्या जोरावर ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’सारखं गो. पु. देशपांडेंचं चर्चेचं, बुद्धीला घाम फोडणारं नाटक करता येतं. त्या नाटकावर बंगला बांधलेला मी कुणी पाहिला नाही.

तुझ्या घराचं गणित आता तू कर. सिरीयलचे पैसे हातात यायला 90 दिवस लागतात, हे तुला मैत्रिणीनं सांगितलं असेलच. म्हणजे पहिलं काम मिळालं त्या दिवसापासून तीन महिने खोलीचं भाडं, लोकल, डबा खिशातून. त्याआधी ऑडिशनचे महिने वेगळे. नाटकात नाइट, म्हणजे दर प्रयोगाचे पैसे, मिळते, पण नव्या मुलीची नाइट किती आणि महिन्यात प्रयोग किती, दोन्ही विचारून घे. विचारायची लाज वाटते म्हणून आमच्यातले अर्धे लोक बुडाले. पाच महिन्यांनी इंटर्नशिप संपून रजिस्ट्रेशन हातात आलं, तर मुंबईत रात्रीच्या ड्युट्या करून दिवसा ऑडिशनला उभं राहता येईल. आज गेलीस तर साडेपाच वर्षांतलं काहीच हातात नाही, ना एप्रन ना भाडं. हे मी बाबांच्या वतीनं लिहीत नाही. भाडं थकलेली नटी नको त्या माणसाला हो म्हणते, हे मी पाहिलंय. तेव्हाही ‘नाही’ ऐकू जायला पोटात हवा लागते.

एक राहिलंच. तू लिहिलंयस, ‘रंगदेवता मला बोलावतेय.’ निदान लागूंचा दाखला देत असशील तर हे वाक्य तरी त्यात घालू नकोस. परमेश्वराला रिटायर करा, असं जाहीरपणे म्हणणारा माणूस तो. नरेंद्र दाभोलकरांबरोबर गावोगाव जाऊन अंधश्रद्धेविरुद्ध बोलला, लोकांचे शिव्याशाप खाल्ले. आणि याच माणसानं ‘देवकीनंदन गोपाला’त गाडगेमहाराज केले. माझी आई रोज पोथी वाचणारी, लागूंची मतं तिला मुळीच पटायची नाहीत; पण त्या सिनेमातलं कीर्तन टीव्हीवर लागलं की हात जोडायची. मी तिला चिडवायचो. ती म्हणायची, ‘तो कसाही असू दे, बोलतो ते पोचतं.’

तर रविवारी ये. चारच्या एसटीनं आलीस तर सहापर्यंत पोचशील, परतीची शेवटची गाडी साडेनऊची. एकांकिकेची वही आण, झेरॉक्स नको, मला तुझ्या पेन्सिलीच्या खुणा बघायच्यात. श्वास कुठे घ्यायचा याची एकही खूण नसणार असं माझं भाकीत आहे. शेवटचा प्रवेश गच्चीवर करू. मी खाली रस्त्यावर पिंपळाच्या पारावर जाऊन बसेन, तू वरून आईच्या फोटोशी बोल. ओरडायचं नाही. रिक्षा येत-जात राहतील, शेजारचा कुकर शिट्ट्या देईल, ते सगळं असू दे. ऐकू आलं की मी हात वर करीन. जेवायला पिठलं-भाकरी आहे.

बाबांना माझा नमस्कार सांग. त्यांना यायचं असेल तर त्यांनाही घेऊन ये, पार मोठा आहे.

तुझा,
काका

ता. क. तुझ्या व्हॉइस मेसेजात आवाज बसल्यासारखा वाटला. तसं असेल तर रविवारपर्यंत फोन करू नकोस, लिहून कळव.